उजव्या हाताची मूठ

दुकानदाराने काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि इंग्रजीत विचारले, "लेफ्ट की राइट?"

प्रश्न मला होता. उत्तर बाबांनी दिले. "राइट."

आम्ही त्या दुकानात का उभे होतो ते आधी सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की लंडनच्या वेम्बलीतला एक आचारी मुलीला घेऊन पिस्तूल खरेदीला निघाला म्हणजे काहीतरी भानगड असणार. दुकानदारालाही तेच वाटत होते आणि त्याने ते लपवले नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा मिरजेहून आधी एकटे आले, हॉटेलात आचारी म्हणून. आई आणि मी मागाहून आलो, तेव्हा मी मराठी शाळेतून नुकतीच पाचवी पास झाले होते. युनिव्हर्सिटीत काय असते, काय करायचे असते, हे सांगणारे घरात कोणी नव्हते. पहिल्या आठवड्यात एका मोठ्या हॉलमध्ये टेबले मांडून सगळे क्लब बसले होते. मला वाटले, कुठल्या तरी एका क्लबात नाव घालणे सक्तीचे आहे. तसे मला कोणी सांगितले नव्हते, पण सक्तीचे नाही असेही कोणी सांगितले नव्हते. नाटकवाल्यांपुढे रांग होती, नाचवाल्यांपुढे त्याहून मोठी. नेमबाजीच्या टेबलापुढे कोणीच नव्हते. मी तिथे सही केली आणि घरी येऊन आईला सांगितले, "झालं एकदाचं."

सक्ती नव्हती हे कळले तोवर मला ते आवडायला लागले होते. वर्गात मी सतत इकडेतिकडे बघत असते. बाकीचे कधी लिहून घेतात, कधी हसतात, कधी उठतात, ते बघून मी करते. रेंजवर इकडेतिकडे बघायची सोयच नाही. समोर दहा मीटरवर पोस्टकार्डाएवढे कार्ड, त्यात काळा गोल, आणि तुम्ही. तळघरातली ती लांबट खोली, शिशाचा आणि ओल्या भिंतीचा वास, कानावर हात ठेवल्यासारखी शांतता. त्या शांततेत मला पहिल्यांदा वाटले की इथे मी कोणाचे बघून काही करत नाही.

हे खरे पिस्तूल नव्हे हे सांगायला हवे. खरी पिस्तुले या देशात सामान्य माणसाला ठेवता येत नाहीत. ती माझ्या जन्माच्या आधीच बंद झाली. उरली ती नेमबाजीची, हवेच्या दाबावर चालणारी. त्यात काळ्या मिरीएवढा शिशाचा छर्रा घालतात. आवाज होतो तो कुकरची शिट्टी सुरू होता होता थांबावी तसा. लायसन लागत नाही, पण वय बघतात आणि दुकानात स्वतः जाऊन घ्यावे लागते. आणि एक नियम असा की ते एकाच हाताने धरायचे. दुसरा हात खिशात.

मी डावा हात खिशात घालत होते. आणि माझे छर्रे कार्डभर पसरत होते.

क्लबचा कॅप्टन तिसऱ्या वर्षाचा मुलगा. त्याच्या शाळेला म्हणे स्वतःची रेंज होती. त्याने माझे पहिले कार्ड उजेडापुढे धरून सगळ्यांना दाखवले. "हे बघा, चाळणी. हिच्या घरी पास्ता गाळायला उपयोगी पडेल." दुसऱ्या आठवड्यात म्हणाला, "आज उभं राहायला सगळ्यांत सुरक्षित जागा कुठली सांगू? हिच्या टार्गेटसमोर." सगळे हसले. मीही हसले, कारण सगळे हसत होते. घरी येताना ट्रेनमध्ये मात्र त्याला मी मनातल्या मनात मराठीत जे जे बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

शिकवायला एक म्हाताऱ्या बाई यायच्या, उत्तर इंग्लंडकडच्या, तुटक बोलणाऱ्या. त्यांनी कधी कोणाची तारीफ केल्याचे मी ऐकले नाही. नोव्हेंबरात एकदा त्यांनी मला लाइनवरून बाजूला घेतले आणि म्हणाल्या, "दोन्ही हात पुढे कर. बोटांचं भोक कर. त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघ. आता भोक हळूहळू डोळ्याकडे आण."

भोक आपोआप डाव्या डोळ्यावर आले.

"पुन्हा."

पुन्हा डाव्यावर. म्हणजे माझा नेम धरणारा डोळा डावा होता.

"लिहितेस कुठल्या हाताने?"

"उजव्या."

"दार कुठल्या हाताने उघडतेस? विचार करू नकोस. ते दार उघड."

मी रेंजचे दार उघडले. माझा हात बघून त्या म्हणाल्या, "मला वाटलंच." मग त्यांनी क्लबचे एक जुने पिस्तूल आणले. त्याची मूठ साधी होती, दोन्ही हातांना चालणारी. ते माझ्या डाव्या हातात दिले. "उजवा खिशात. मार."

मी पाच छर्रे मारले. बाईंनी कार्ड ओढून आणले, बघितले आणि माझ्या हातात दिले. पाचही छर्रे एका नाण्याखाली झाकले जातील इतके जवळ होते. ते कार्ड मी अजून ठेवले आहे. त्या दिवशी मी रडले नाही, पण चेहरा धुवायला जावे लागले.

कारण मी डावरी आहे हे मला नवे नव्हते. ते मी विसरले होते. म्हणजे, विसरवले गेले होते.

मिरजेत अक्षरे गिरवायला बसले की बाबा समोर बसायचे आणि म्हणायचे, "डावा मांडीखाली." मी डावा हात मांडीखाली घालून बसायची. हाताला मुंग्या यायच्या. तो जरा बाहेर आला की बाबा बोलायचे नाहीत, नुसते बघायचे. प्रसाद घ्यायला डावा पुढे गेला की प्रसाद मागे जायचा. पैसे द्यायला, पाणी द्यायला, नमस्कारालासुद्धा उजवा आधी. बाबांनी मला कधी मारले नाही. मारले असते तर कदाचित मी हट्ट तरी केला असता. असे दोन-तीन वर्षांत माझे सगळे काम उजव्या हातावर आले, आणि नातेवाईक म्हणायला लागले की बघा, पोरीला कसे वळण लावले.

तर डिसेंबरात कॅप्टनने जाहीर केले की युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये एक जागा रिकामी होणार आहे, फेब्रुवारीत चाचणी. पण क्लबची पिस्तुले नवशिक्यांसाठी असल्यामुळे टीममध्ये यायचे त्याने स्वतःचे आणायचे. हे म्हणताना तो माझ्याकडे बघत होता. "शेअर करून टीम होत नाही," तो म्हणाला. मला ती जागा हवी होती. दुसरी कुठलीही गोष्ट युनिव्हर्सिटीत मला इतकी हवी नव्हती. बाकी सगळीकडे मी चुकून आत आल्यासारखी वावरत होते. ती एक जागा मिळाली असती तर ती माझी असती.

घरी सांगितले तेव्हा आई आधी म्हणाली, "पिस्तूल? घरात? देव्हारा आहे त्या खोलीत?" बाबा म्हणाले, "कॉलेजात शिकायला पाठवलंय की पोलिसांत भरती व्हायला?" मग आठवडाभर कुणी तो विषय काढला नाही. मी पुन्हा काढला तेव्हा "युनिव्हर्सिटीची टीम" हे शब्द दोन-तीनदा वापरले. बाबांनी हॉटेलात कुणाला तरी विचारले असावे, कारण एका सकाळी बूट घालता घालता म्हणाले, "घ्यायचंच असेल तर मी येणार. असल्या दुकानात तू एकटी जायचं नाहीस."

मी त्यांना सगळे सांगितले होते. लायसन लागत नाही, कुलपात ठेवावे लागते, बाहेर नेताना पेटीत बंद हवे. फक्त हाताचे सांगितले नव्हते.

दुकान मिल्टन कीन्सच्या बाहेर गोदामांच्या वसाहतीत होते. बाबा राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, चुकत राहिले. "ह्या गावात सरळ रस्ता करायला बंदी आहे का?" असे म्हणत ते एकाच चौकाला पुन्हा पुन्हा वळसा घालत होते. आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांचा पारा आधीच चढलेला होता.

दुकानदाराने आम्हाला दारात बघितले आणि म्हणाला, "हरवलात का?"

"नाही," मी म्हणाले. "मला पहिलं पिस्तूल घ्यायचं आहे. टेन मीटर."

"कशासाठी?"

"नेमबाजीसाठी."

"ते झालंच. कुठे? कोणाबरोबर?" मी युनिव्हर्सिटीचे ओळखपत्र दाखवले. त्याने ते उलटसुलट बघितले, मग माझा पासपोर्ट, मग बाबांकडे बघितले. "आणि हे?"

"वडील."

"त्यांना घ्यायचंय का?"

"मला घ्यायचंय."

बाबांना इंग्रजी बोलायला अडते, पण समजते सगळे. ते मराठीत मला म्हणाले, "विचार त्याला, सगळ्या गिऱ्हाइकांना असंच विचारतो का?" मी विचारले नाही.

त्याने आधी काचेखालून एक काळे, जाडजूड, सिनेमात असते तसे काढून ठेवले. "तुमच्याकडची मुलं हे नेतात." बाईंनी मला शिकवून पाठवले होते. दिसायला भारी ते नको. हवेच्या सिलिंडरवाले नको, ते भरायला वेगळी बाटली लागते. बाजूचा दांडा ओढून प्रत्येक वेळी हवा भरायची असते ते घे, ट्रिगर हलका बघ, आणि सगळ्यांत आधी मूठ बघ, बाकी सगळं नंतर. मी हे सगळे पाठ केल्यासारखे बोलले. दुकानदाराच्या भुवया थोड्या वर गेल्या. त्याने ते काळे परत ठेवले, आतून एक लांब निळसर पेटी आणली आणि तो प्रश्न विचारला.

"लेफ्ट की राइट?"

"राइट," बाबा म्हणाले.

मी तोंड उघडले होते. डावा हात काउंटरवर होता, तो मी खाली घेतला. मला माहीत नाही हे नीट सांगता येईल का. मला उत्तर माहीत होते, जागा हवी होती, बाई काय म्हणतील हेही माहीत होते. पण बाबांच्या तोंडून तो शब्द आला आणि माझ्या हाताला मुंग्या आल्या. इतकेच झाले.

"लहान, उजवी मूठ," दुकानदार म्हणाला आणि पिस्तूल माझ्या उजव्या हातात दिले. अक्रोडाच्या लाकडाची मूठ, अंगठ्याला खोबण, तळहाताखाली टेकू. फार सुंदर होती. बाबांनी ते पिस्तूल स्वतः हातात घेऊन तोलले, सुऱ्या घेताना तोलतात तसे, आणि म्हणाले, "हं. वजन बरोबर आहे." त्या दुकानात ते तेवढे एकच वाक्य खुशीत बोलले.

जानेवारीत मी ते क्लबात नेले. बाईंनी पेटी उघडली, मूठ बघितली, आणि पेटी बंद केली.

"हे कोणाचं आहे?"

"माझं."

"नाही. तुझं डाव्या हाताचं असेल. हे कोणी निवडलं?"

"माझ्या वडिलांनी घेतलं."

"तुझे वडील टीमसाठी उभे आहेत का?"

त्या इतक्या रागावल्या की लाइनवरचे दोघे वळून बघायला लागले. "मी तुला सांगितलं होतं की नाही? तुला समजलं होतं की नाही? मग तिथे तोंडात काय होतं?" आता मी त्यांना मांडीखालचा हात कसा समजावणार? इंग्रजीत ते सांगायला गेले असते तर त्यांना वाटले असते की माझ्यावर घरी अत्याचार झाले. तसे नव्हते. तसे नव्हते हेच तर सांगायला अवघड होते.

जुने साधे पिस्तूल मागितले तर कॅप्टन म्हणाला, "तुझ्याकडे आता स्वतःचं आहे ना? नवशिक्यांचं घेऊ नकोस." मग मी उजव्या हाताने मारत राहिले. डाव्या डोळ्यावर पट्टी लावली, मान वाकडी केली. पिस्तुलाच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा खुंट, धुरकट दिसायची. चाळणी परत आली.

घरी मी न्हाणीघरात डाव्या हातात आईचे लाटणे धरून, हात ताठ करून टाइल्ससमोर उभी राहायची, लाटण्याचे टोक हलेनासे होईपर्यंत. एकदा आई पीठ मळून लाटणे शोधत आली आणि दारातच थांबली. "हे काय?"

"सराव."

"डाव्या हाताने?" तिने मागे वळून बघितले. "बाबांसमोर नको करूस." आणि लाटणे घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात दुसरे, जुने लाटणे कोपऱ्यात उभे करून ठेवलेले होते.

शेवटी बाईंनीच सांगितले, की पिस्तुलाला हात नसतो, हात फक्त मुठीला असतो. मूठ एका स्क्रूवर असते. डावी मूठ वेगळी मिळते आणि लाकडाचा तुकडा असल्यामुळे पोस्टाने येते. मी शनिवारी एका फार्मसीत काम करते, त्यातून मागवली. दुकानदार फोनवर म्हणाला, "तुमच्या वडिलांनी तर राइट सांगितलं होतं." मी म्हणाले, "तुम्ही मला विचारलं होतं." दोन महिन्यांनी सुचलेले उत्तर.

पार्सल आले ते चाचणीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी. गुरुवारी बाबांची सुट्टी. आणि आमच्या घरात पार्सलवर नाव कोणाचेही असो, दार जो उघडतो तो पार्सलही उघडतो.

मी कॉलेजातून आले तेव्हा बाबा टेबलाशी बसले होते. मूठ त्यांच्या हातात होती. ते ती उजव्या हातात बसवून बघत होते. अंगठ्याची खोबण भलतीकडे येत होती, टेकू बोटांना टोचत होता. मग त्यांनी ती डाव्या हातात घेतली. बसली.

"कुणासाठी मागवलंस हे?"

"माझ्यासाठी."

"तू उजवी आहेस."

"नाही, बाबा."

"नाही म्हणजे? मी केलीय तुला उजवी."

"म्हणूनच मला नेम लागत नाही."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारात उभी राहिली. बाबा मूठ टेबलावर आपटतील असे मला वाटले. त्यांनी ती हळू ठेवली. तेच जास्त वाईट होते.

"तुला वाटतं मला हौस होती?" ते म्हणाले. "तुझा धाकटा काका माझ्याबरोबर वाढपी म्हणून यायचा. डावरा. एका लग्नात भर पंगतीत यजमानाने त्याच्या हातातून आमटीची बादली काढून घेतली. म्हणाला, ह्याला मागे भांड्यांवर बसवा. शंभर माणसं जेवायची थांबून बघत होती. तो त्या दिवशी जो मागे बसला तो मागेच राहिला. मी बघितलंय. म्हणून तुझा हात वेळेत फिरवला."

"पण बाबा, इथं कुठं पंगत आहे?"

"त्या दुकानदारानं आपल्याकडं कसं बघितलं ते बघितलंस ना? हरवलात का म्हणे. तुला दिसत नाही म्हणून पंगत नाही होय? चार गोऱ्यांच्या पुढं एक हात खिशात घालून उभी राहणार तू, आणि ते तुझ्यात काय वेगळं आहे तेवढंच शोधणार."

"ते आत्ताही हसतातच. उजव्या हाताने मारते म्हणून हसतात."

बाबा म्हणाले, "उलट बोलायला शिकवतात का तिथं?"

"नाही. ते घरचंच."

आई म्हणाली, "पुरे आता दोघांचं. एक वाकडा, दुसरी त्याहून वाकडी."

बाबा उठले. "माझ्या घरात ते पिस्तुलाला बसवायचं नाही. मी घेतलंय ते. उजवं घेतलंय."

"मग बाहेर बसवते," मी म्हणाले. मूठ उचलून मी दप्तरात टाकली. डाव्या हाताने. ते मी मुद्दाम केले, आणि बाबांना कळले की मी ते मुद्दाम केले.

दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन निघाले तेव्हा ते कामावर गेलेले होते. रेंजवर बाईंनी खिशातून स्क्रूची छोटी चावी काढली, उजवी मूठ सोडवली, डावी बसवली, आणि उजवी मला परत दिली. "ही पेटीत ठेव. विकायला उपयोगी पडेल." मी ती पेटीत ठेवली.

कॅप्टन शेजारी येऊन उभा राहिला. "हात बदललास? आज? आता पुढे काय, पायाने मारणार?"

बाई म्हणाल्या, "लाइनवर गप्पा नकोत. तुझ्यासुद्धा."

जागेसाठी आम्ही दोघेच होतो, मी आणि पहिल्या वर्षाचा एक मुलगा, जो कॅप्टनच्याच शाळेतला होता. आधी माशी जुळवायला सरावाचे छर्रे देतात. माझे पहिले दोन काळ्या गोलाबाहेर गेले. मागे कोणीतरी हसले. मी उजवा हात खिशात घातला. त्याला तिथे काय करायचे कळेना. इतकी वर्षे सगळे तोच करत आला होता. खिशातल्या खिशात त्याची मूठ वळली. मी डावा उचलला, आणि माशी स्वच्छ दिसली. काळी, बारीक, कडा धारदार. मान सरळ होती. त्यानंतर कोणी हसले की नाही मला माहीत नाही, कारण मी ऐकत नव्हते.

कार्डे मोजली बाईंनी. मोठा फरक नव्हता, पण मोजणी पुन्हा करावी लागली नाही. कॅप्टन म्हणाला, "लक." बाई म्हणाल्या, "लक एका छर्ऱ्यात असतं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अंगठ्याखाली थोडं घासावं लागेल. सँडपेपर आण." कॅप्टनने फळ्यावर माझे नाव लिहिले आणि खडू ठेवून निघून गेला. तो नंतरही माझ्याशी कधी धड बोलला नाही. मला आता त्याने बोलावे असे वाटतही नाही.

घरी मी आईला सांगितले. बाबांना आईने सांगितले असणार. ते दोन दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलले, "दार लाव", "लाइट घालव" एवढेच. मीही तेवढेच बोलले. सँडपेपरने मूठ घासत मी टेबलाशी बसायची, ते समोरून जायचे, लाकडाचा भुसा बघायचे, आणि आत जायचे. त्यांच्या घरात मूठ बसवायची नव्हती. मी बसवली होती ती बाहेरच. घासायला बंदी त्यांनी घातली नव्हती.

रविवारी दुपारी ते हॉटेलातून आले तेव्हा हातात पेढ्यांचे खोके होते, ईलिंग रोडवरच्या मिठाईवाल्याचे. परीक्षा पास झाले की, कोणाला नोकरी लागली की बाबा पेढे आणतातच. त्यात त्यांचा राग-लोभ नसतो, ते त्यांच्या दृष्टीने करायचेच असते. त्यांनी आधी देव्हाऱ्यापुढे खोके ठेवले, हात जोडले, मग एक पेढा घेऊन माझ्यासमोर आले.

"हात कर."

मी हात पुढे केला. डावा. उजव्यात सँडपेपर होता, असे मला म्हणता आले असते. तो खाली ठेवून उजवा पुढेही करता आला असता. पण मी तसे केले नाही आणि म्हटलेही नाही.

बाबांनी माझ्या तळहाताकडे बघितले. पेढा त्यांच्या बोटांत तसाच राहिला. पूर्वीसारखा मागे गेला नाही, पुढेही आला नाही. मी हात काढला नाही. त्यांनी नुसते बघितले, मिरजेत बघायचे तसे, आणि या वेळी माझ्या हाताला मुंग्या आल्या नाहीत. मग त्यांनी पेढा परत खोक्यात ठेवला, खोके टेबलावर ठेवले, माझ्या डाव्या बाजूला, आणि आत कपडे बदलायला गेले.

आई म्हणाली, "घे की गं आता. पेढ्याला कसला आलाय डावा-उजवा?"

"पेढ्यालाच असतो," आतून बाबा म्हणाले.

मी डाव्या हाताने पेढा उचलला आणि खाल्ला.